बर्फाचं गाव निवडताना आधी खोली बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑस्ट्रेलियाच्या 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसाच्या सोडतीची बातमी आपल्या अंकात वाचली. 2024 पासून 18 ते 30 वयाच्या भारतीय मुलामुलींसाठी वर्षाला हजार जागा आहेत. हॉटेल मॅनेजमेंटचं शिक्षण संपवून मी याच व्हिसावर न्यू साउथ वेल्समधल्या जिंडाबाईनला, स्कीच्या म्हणजे बर्फावर घसरण्याच्या खेळाच्या डोंगरांजवळ, राहून आले. या डोंगरांवरच्या हॉटेलांत आपल्या मुलांना हंगामी काम मिळतं. त्यामुळे नंबर लागलेल्यांच्या घरून मला फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात जास्त बर्फ कुठे पडतो? त्यावरून गाव ठरवू नका, हे कळकळीने सांगायचं आहे.

तिकडचा हिवाळा आपल्या पावसाळ्यात येतो, म्हणून स्कीचा हंगाम जूनमधल्या जोडसुट्टीला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला आटोपतो. म्हणजे जेमतेम चार महिने, आणि तेही बर्फाने साथ दिली तर. 2023 साली बर्फ इतका कमी होता की काही ठिकाणी हंगाम वेळेआधीच गुंडाळावा लागला. आपल्यासारखे लोक बहुतेक तासावर कामाला असतात. कायम नोकरीवाल्यापेक्षा तासाचा दर 25 टक्के जास्त मिळतो खरा, पण बर्फ नाही तर गिऱ्हाईक नाही आणि गिऱ्हाईक नाही तर तास नाहीत. खोलीचं भाडं मात्र दर आठवड्याला भरावंच लागतं.

म्हणून खोली आधी. थ्रेडबो किंवा व्हिक्टोरियातलं फॉल्स क्रीक ही डोंगरावरचीच गावं. दारातून बाहेर पडलं की स्कीवाल्यांना उतारावर नेणारी लिफ्ट. पण तिथे जागा मोजक्या आणि महाग, आणि खोली नोकरीच्या मालकाने दिलेली असली तर नोकरी सुटली की खोलीही सुटते. जिंडाबाईन खाली, तलावाच्या काठावर आहे. पेरिशर हे दुसरं स्कीचं ठिकाण आणि थ्रेडबो दोन्ही तिथून तीस-पस्तीस किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे एकीकडे तास कमी झाले तर दुसरीकडे विचारता येतं. सुपरमार्केट आहे, दवाखाना आहे, बारा महिने राहणारी माणसं आहेत. डाळी-मसाले मात्र कॅनबेराहून आणावे लागतात. मूळ जिंडाबाईन 1960च्या दशकात स्नोई नदीवरच्या धरणात बुडालं आणि गाव वर सरकवलं गेलं. कोयनेत गेलेल्या गावांच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली मी त्या पाण्याकडे नुसतं पर्यटकासारखं बघू शकले नाही.

घरमालकांकडे मात्र नीट बघा. एकाने माझ्याकडे संपूर्ण हंगामाचं भाडं आगाऊ मागितलं आणि दोघींच्या खोलीत चार खाटा लावल्या. ओले बूट, हातमोजे, जाकिटं वाळवायला जागाच नव्हती. सकाळी तेच दमट हातमोजे घालून बाहेर पडायचं आणि बस येईपर्यंत बोटांची जाणीव गेलेली असायची. बूट वाळवायला गरम खोली आहे का, हे मी आता भाड्याच्याही आधी विचारायला सांगते.

दुसरी गोष्ट वाहनाची. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात म्हणून मुलं निर्धास्त असतात. पण पहाटे रस्त्यावर न दिसणारा बर्फाचा थर असतो, तिन्हीसांजेला कांगारू आडवे येतात. पेरिशर-थ्रेडबो ज्यात येतात त्या कॉझिअस्को राष्ट्रीय उद्यानात हिवाळ्यात टू-व्हील ड्राइव्ह मोटारीत (जिच्या दोनच चाकांना इंजिनाचा जोर मिळतो) बर्फात घसरू नये म्हणून चाकांवर चढवायच्या साखळ्या ठेवणं सक्तीचं आहे. साधं डिझेल थंडीत गोठू लागतं, तिथलं वेगळं डिझेल भरावं लागतं. नवख्याने पहिला हिवाळा बसनेच काढावा. खालच्या बुलक्स फ्लॅट स्थानकाहून पेरिशरला स्कीट्यूब नावाची दातेरी रुळांची गाडी जाते, बरीचशी बोगद्यातून. रस्ता वादळाने बंद पडला तरी ती सहसा चालू असते. त्यामुळे तुमच्या खोलीपासून शेवटची बस किती वाजता आहे, हे स्कीच्या उतारांपेक्षा महत्त्वाचं.

आणि ऑक्टोबरनंतर काय? या व्हिसावर एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त काम करता येत नाही, तेव्हा बदल करावाच लागतो. उन्हाळ्यात डोंगरावरची बरीच हॉटेलं बंद असतात. थ्रेडबोत मात्र डोंगर-सायकलवाले येतात, लिफ्ट चालू असते आणि तिच्या वरच्या टोकापासून 2228 मीटरच्या कॉझिअस्को शिखरापर्यंत जाऊन-येऊन 13 किलोमीटरची वाट आहे. डिसेंबरमध्ये मी ती चालले तेव्हा बर्फ वितळून कुरणात रानफुलं आली होती. वर्षभर राहिल्याशिवाय हा डोंगर कळत नाही, असं माझं ठाम मत आहे. ज्यांना थंडी मानवत नाही त्यांनी व्हिक्टोरियातलं ब्राइट बघावं. तिथून हॉथम हे स्कीचं ठिकाण जवळ आणि एप्रिलमध्ये पानगळीचे रंग बघायला गर्दी, म्हणजे हॉटेलांना माणसं हवीच असतात.

पालकांना वाटतं, वर्ष वाया जाईल. माझं गेलं नाही. पहाटे उठून अनोळखी माणसांसाठी चाळीस खाटा लावणं आणि महिन्याचा हिशेब स्वतः जुळवणं मी तिथे शिकले, आणि आज कराडमधल्या माझ्या नोकरीत मला ते रोज उपयोगी पडतं.

आपणास विनंती, की पुढच्या वेळी सोडतीची बातमी देताना बर्फाच्या फोटोशेजारी भाडं, बस आणि उन्हाळ्यातल्या कामाबद्दलही चार ओळी द्याव्यात. भरती तिकडचा उन्हाळा संपायच्या आतच सुरू होते, त्यामुळे ही माहिती मुलांच्या हाती जानेवारीपर्यंत पडायला हवी.

कळावे,
आपली नियमित वाचक, कराड