पाऊणकी

पुणे, आश्विन वद्य नवमी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

माझे टाके निघाले. पोटाला अजून ओढ लागते, पण हिंडते-फिरते आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे आई, पुढचं तू नीट वाचशील.

परवा रात्री मी तांडेलांच्या धाकट्याला फोन लावला होता. दिवाळीत हर्णैला आलो की मुलांना होडीतून सुवर्णदुर्गावर न्यायचं आहे, तर कोणत्या दिवशी भरती-ओहोटी सोयीची, एवढंच विचारायचं होतं. फोन त्याच्या मुलाने उचलला. "पप्पा नाहीत." मी म्हटलं, कधी येतील? पोरगं काहीच बोलेना. मग म्हणाला, "मावशी, तुम्हाला सरांनी सांगितलं नाही?"

बाबा, गेल्या तीन आठवड्यांत आपण निदान दहा वेळा बोललो असू. पाऊस लांबला, भात आडवं झालं, वायरमन येत नाही, सगळं सांगितलंत. ऑपरेशन झालेल्या मुलीला धक्का नको म्हणून गप्प बसलात, हे मला कळतं. पण तेरावा होऊन गेल्यावर मी त्याच्याच नंबरवर फोन करून भरतीची वेळ विचारते, हे त्या पोराच्या वाट्याला यायला नको होतं. रागावून झालं आहे, आता लिहिते.

जाळं ओढताना छातीत कळ आली म्हणे. बंदराला लागेपर्यंत दोन-अडीच तास गेले, तिथून दापोली गाठेपर्यंत सगळं आटोपलं होतं. इतकंच कळलं. जास्त विचारवलं नाही.

काल दिवसभर मला आठवीचा वर्ग दिसत होता. खिडकीतून किल्ला दिसायचा आणि तो धड्याऐवजी किल्ल्याकडे बघत बसायचा. अंगाला बंदराचा वास, दप्तरात वह्यांपेक्षा सुतळी जास्त. साताचा पाढा त्याला शेवटपर्यंत आला नाही. तुम्ही तर, बाबा, अभ्यासक्रमात कुठेही नसताना आमच्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी असे पाव, अर्ध्या आणि पाऊणपटीचे पाढे घोकून घ्यायचात. (दुसऱ्या तुकडीतली मुलं आम्हाला हसायची, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.) त्या दिवशी तुम्ही त्याला उभं केलंत ते पट्टी हातात घेऊनच. "तेराची पाऊणकी?" आणि तो खिडकीवरची नजरसुद्धा न हलवता म्हणाला, "पावणेदहा."

तुम्हाला वाटलं, मागून कुणीतरी सांगितलं. "अकराची?" "सव्वाआठ." "सहाची?" "साडेचार." कसं येतं विचारलंत, तेव्हा तोच गोंधळला. म्हणाला, "सर, तेरस म्हणजे पावणेदहाची भरती. यात काय यायचंय?"

संध्याकाळी तुम्ही पडवीत कालनिर्णय घेऊन बसलात आणि चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास मागे पडतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते, हे मला दोनदा समजावलंत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बंदरावरच्या न शिकलेल्या म्हाताऱ्यालाही हे ठाऊक होतं, आणि गणिताच्या मास्तरांना ते त्या दिवशी कळलं. आठवडाभर तुम्ही भेटेल त्याला सांगत होतात, मला आठवतंय. त्यालाही आठवत होतं. दर वेळी भेटला की हाच किस्सा, आणि दर वेळी तुमची पट्टी थोडी लांब झालेली.

दहावीला गणितात गेला, तेव्हा तुम्ही त्याच्या घरी गेला होतात ना, ऑक्टोबरला बस म्हणून सांगायला? त्यावर तो म्हणाला होता, "सर, ऑक्टोबरात सीझन असतो." तुम्ही चिडून परत आलात आणि जेवताना एकटेच हसलात.

आता आईला लिहिते. आई, रागावू नकोस. तो आपल्याकडे कितीदा आला, पण तू त्याला पडवीच्या आत कधी घेतलं नाहीस. वासाचं निमित्त असायचं. चहाचा कान तुटलेला कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. त्याला ते कळत होतं. एकदा त्याने तो कप स्वतःच विसळून, स्वतःच खिडकीत ठेवला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीही काही बोलले नाही. तेव्हा पंधरा वर्षांची होते, म्हणून सुटले असं म्हणू? पुढे पंचविशीतही बोलले नाही.

मग निसर्ग वादळ आलं, 3 जून 2020. तुमचा फोन लागेना, कुणाचाच लागेना. इथे लॉकडाऊन, आम्ही घरात कोंडलेलो. दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून त्याचा फोन आला. कुठेतरी सड्यावर चढून, रेंज शोधून उभा होता, वाऱ्यात निम्मे शब्द उडत होते. "घर उभं आहे गो. कौलं गेली. सर माळा आवरतायत. काकूंनी मला पेज वाढली, स्वयंपाकघरात बसवून." हे शेवटचं त्याने मुद्दाम सांगितलं. मग लगेच भरतीवर घसरला: बारस सरून तेरस लागत होती, सकाळची भरती उतरणीला लागल्यावर वादळ आलं म्हणून बंदराचं थोडक्यात निभावलं, नाहीतर पावसाळी मासेमारीबंदीत शाकारून ठेवलेल्या होड्या पार रस्त्यावर आल्या असत्या. त्याच्या स्वतःच्या होडीचं काय झालं, हे मी विचारलं नाही. फाटली होती, ते नंतर तुमच्याकडून कळलं. ती तशीच टाकून तो आधी आपल्या घरावर ताडपत्री बांधायला आला होता.

ताडपत्री अजून माळ्यावर आहे ना? ती कुणाला देऊ नका.

त्याचा मुलगा नववीत आहे. फोन ठेवण्याआधी, काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, उद्या भरती किती वाजता रे? म्हणाला, "थांबा, मोबाइलवर बघून सांगतो." गणितात काठावर आहे आणि शाळा सोडून होडीवर जायचं म्हणतोय, असं त्याची आजी मागून ओरडून सांगत होती. बाबा, तुमचा गुडघा दुखतो, मला माहीत आहे. तुम्ही जाऊ नका, त्यालाच बोलवा. शाळा सोडू नको वगैरे पहिल्याच दिवशी सांगू नका, तुम्हाला राहवणार नाही तरी. आधी पाऊणकी घ्या.

आणि आई, तो आला की त्याला आत बसव.

आम्ही भाऊबीज करून, कार्तिक शुद्ध षष्ठीला निघतो. किल्ल्यावर यंदा जायचं नाही, मुलांना सांगितलं आहे. तिसऱ्या प्रहरी पोहोचलो तर आधी बंदरावर उतरून त्याच्या आईला भेटेन, मग घरी येईन. साडेचारची भरती असेल, होड्या आत येत असतील.

तुमची,
बाय