डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं होतं

प्रिय आई, बाबा,

परवा फोन ठेवता ठेवता, आई, तू म्हणालीस, "एकाला वाचवायला आम्ही दुसरीला कापलं." मला तेव्हा काही बोलताच आलं नाही. पण ते वाक्य मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलेय.

दादाची ती रात्र तुमच्या डोळ्यांसमोर अजून असेलच. आडवं झालं की त्याचा जीव घुसमटायचा, म्हणून तो खुर्चीतच बसून होता. पायावर बोट दाबलं की खळगा पडायचा तो तसाच राहायचा. फुप्फुसांत पाणी झालं होतं आणि रक्तातलं पोटॅशियम इतकं चढलं होतं की हृदय कधीही बंद पडलं असतं. मानेत नळी घालून पहाटेच डायलिसिस सुरू केलं. वाढलेल्या रक्तदाबाने दोन्ही किडन्या निकामी होईपर्यंत त्याला काही जाणवलंच नव्हतं, आणि रक्तदाब त्याने कधी मोजलाही नव्हता.

आई, तुझी शुगर आणि बाबांचं हृदय, त्यामुळे त्याला किडनी द्यायला तुम्ही दोघंही बाद झालात. तुला वाटतं, मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. तसं झालं नाही गं. उलट तुम्ही दोघं माझ्याकडे बघायचंच टाळत होतात, आणि मला तेच जड जात होतं.

आता तुम्हाला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगते. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं. म्हणाले, "तुमच्या मनात नसेल तर मला फक्त तेवढं सांगा. घरी आम्ही एवढंच कळवू की वैद्यकीयदृष्ट्या तुमची किडनी घेता येणार नाही. खरं कारण कुणालाही कळणार नाही."

मी एका रात्रीची मुदत मागून घेतली.

त्या रात्री मी खूप घाबरले होते. पुढे मलाच काही झालं तर? मूल होताना त्रास झाला तर? पहाटेपर्यंत माझं उत्तर 'नाही' असंच होतं. मग स्वयंपाकघरात खुडबुड ऐकू आली म्हणून उठले. दादा ओट्यापाशी उभा होता. त्याने पाण्याचा घोट घेतला, तोंडात बराच वेळ घोळवला आणि थुंकून टाकला. दिवसभराचं मोजून दिलेलं पाणी संपलं होतं ना! गिळावंसं वाटत असताना त्याने ते गिळलं नाही. मी आले तशीच परत फिरले. सकाळी डॉक्टरांना 'हो' सांगितलं.

मला कुणी ढकललं नाही, आई. दार उघडं होतं, आणि ते फक्त मलाच माहीत होतं.

आपलं काहीच गेलं नाही, असं मी म्हणणार नाही. उरलेली किडनी जास्तीचं काम करते, तरी आधी दोघी मिळून जेवढं करायच्या त्याच्या साधारण ७० टक्क्यांवर येऊन थांबते. डोकं ठणकलं तरी मनाने पेनकिलर घ्यायची नाही. दर वर्षी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी करायची. व्रणाच्या कडेला एक जागा अजून बधिर आहे. पहिले काही महिने तर जिना चढून आलं तरी बसावंसं वाटायचं, आणि मी ते तुमच्यापासून लपवलं. ते चुकलंच माझं.

बाबा, माझं पुढे कसं होणार याची तुम्हाला काळजी वाटते. १९५४ साली किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं, तेव्हा रोनाल्ड हेरिकने आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, किडनी दिली होती. रोनाल्ड त्यानंतर एका किडनीवर ५६ वर्षं जगला आणि ७९व्या वर्षी गेला. रिचर्डला मात्र आठच वर्षं मिळाली. त्या आठ वर्षांत त्याने लग्न केलं, त्याला दोन मुलं झाली. दादाची किडनीही जन्मभर पुरेलच असं नाही. मला हे ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक आहे. त्याच्या गोळ्यांच्या वेळा मी घड्याळ लावून सांभाळते, त्या याच धास्तीने.

एकच मागणं आहे, आई. ते वाक्य दादासमोर कधी बोलू नकोस. आधीच तो माझ्याशी बोलताना चाचरतो, माझी कुठलीच गोष्ट मोडत नाही. मला पूर्वीचा, भांडणारा दादा हवाय.

हल्ली त्याला भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. काल तो आला होता. आल्या आल्या त्याने तांब्याच तोंडाला लावला, घटाघट प्यायला, आणि हनुवटीवरून ओघळलेलं पाणी शर्टाच्या बाहीला पुसलं.

तुमची,
धाकटी