स्पूल करून देणाऱ्यांचे आभार

कोडॅकने 620 मापाची फिल्म 1995 साली बंद केली आणि सिक्स-20 ब्राउनीसारखे धडधाकट कॅमेरे शोकेसमध्ये जाऊन बसले. खरं तर 120 ची फिल्म आजही मिळते. रुंदी तीच, मागचा कागदही तसाच. घोडं अडतं ते स्पूलपाशी, म्हणजे फिल्म गुंडाळायच्या रिळापाशी. 620 चा दांडा बारीक, चकत्या लहान, किल्ली बसायची खाचही लहान. म्हणून 120 ची फिल्म गुंडाळून घेता येईल असे 620 च्या मापाचे अ‍ॅल्युमिनियमचे स्पूल करून घ्यायचं ठरवलं.

भोसरीच्या ज्या लेथवाल्या काकांनी हे काम अंगावर घेतलं, त्यांचे आभार सगळ्यांत आधी. मोजक्या नगांसाठी कोण मशीन लावतं? काकांनी जुना पत्र्याचा नमुना व्हर्नियरने मोजला, दांडा टर्न केला आणि कागदाचं टोक अडकवायची फट हॅक्सॉने न कापता स्लिटिंग कटरने पाडली. मग प्रत्येक चकतीच्या कडेवरून नख फिरवून कुठे खरखरतंय का ते पाहिलं. ‘फिल्मवर ओरखडा आला तर नाव माझं जाईल,’ म्हणाले. पैसे मात्र चहापुरतेच घेतले.

तो नमुना ट्रंकेतून शोधून देणाऱ्या स्टुडिओवाल्या आजींचे आभार. आणि 120 वरून 620 वर फिल्म गुंडाळताना ती कागदाला जोडणाऱ्या चिकटपट्टीपाशी फुगा का येतो, हे फोनवर न कंटाळता समजावणाऱ्या निवृत्त डार्करूमवाल्या काकांचेही. (पट्टी सोडवून पुन्हा लावायची, इतकंच! पण अंधारात.)

मापांचा कागद माझ्याकडे आहे. हवा त्याने खुशाल मागून घ्यावा, फुकट.