नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी

मा. संपादक,

गेम अडकायला लागला की दुकानात बहुधा एकच सल्ला मिळतो: ग्राफिक्स कार्ड बदला. चांगले कार्ड म्हणजे अनेक घरांत महिन्याचा पगार. दोष भलतीकडेच असेल तर ते पैसे पाण्यात जातात. ‘सायबरपंक २०७७’ हा जड गेम विद्यार्थ्यांत लोकप्रिय आहे. त्याच्याच आधाराने घरच्या घरी दोष कसा शोधावा, ते मांडतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपासून या गेमला किमान १२ जीबी रॅम आणि एसएसडी (जलद डिस्क) लागते. ८ जीबीच्या यंत्रावर सेटिंग कितीही उतरवा, झटके बसणारच. रॅम भरली की विंडोज डिस्कवर उचल-ठेव करू लागते.

एवढे असूनही गेम रखडत असेल तर मोजून पाहा. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग पडद्याशी बांधणारी सोय) आणि फ्रेमची, म्हणजे सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची, मर्यादा बंद करा, एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रामने जीपीयूचा, म्हणजे कार्डातल्या मुख्य चिपचा, वापर पडद्यावर आणा आणि गेममधल्या नाइट सिटी शहराच्या गर्दीच्या भागात पाच-दहा मिनिटे फिरा. वापर ९७ ते ९९ टक्के असेल तर कार्डाची ताकद संपली आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतो आणि फ्रेम तरीही चाळिशीच्या वर जात नाहीत, तर कार्ड रिकामे बसले आहे. प्रोसेसर किंवा रॅम त्याला वेळेवर काम पुरवत नाही. खात्रीसाठी रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. फ्रेम वाढल्या नाहीत तर महागडे कार्ड आणूनही वाढणार नाहीत. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४०-५० टक्केच दिसतो म्हणून पुष्कळजण त्याला निर्दोष ठरवतात. पण ती सगळ्या कोअरची (प्रोसेसरच्या आतल्या स्वतंत्र भागांची) सरासरी असते. एकच थ्रेड, म्हणजे एका कोअरवर चालणारे काम, पुरता भरला तरी फ्रेम तिथे अडते.

अशा वेळी पहिली शंका रॅमवर घ्यावी. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरीखाली किती स्लॉट वापरात आहेत आणि वेग किती आहे, ते लिहिलेले असते. १६ जीबीची एकच पट्टी असेल तर डीडीआर४-३२०० प्रकारच्या रॅमला सेकंदाला २५.६ जीबीचा मार्ग मिळतो. ८-८ च्या दोन पट्ट्यांना ५१.२. क्षमता तीच, रस्ता दुप्पट. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर पट्ट्या सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवतात. शेजारी-शेजारी बसवल्या तर हा फायदा बहुधा मिळत नाही. वेग २१३३ किंवा २४०० दिसत असेल आणि पट्टीवर ३२०० छापलेले असेल, तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे पट्टी छापील वेगाने चालवणारी सोय, सुरू करायचे बहुधा राहिले आहे. त्याला पैसा लागत नाही. गेममधली क्राउड डेन्सिटी (रस्त्यावरच्या गर्दीचे सेटिंग) कमी केली की प्रोसेसरचा भार आणखी हलका होतो.

पहिली दहा मिनिटे गेम सुरळीत आणि मग फ्रेम कोसळतात, हे लक्षण उष्णतेचे. एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रोसेसर ९५-१०० अंशांना टेकल्यावर त्याचा क्लॉक (वेग) घसरताना दिसेल. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात हे सर्रास होते. यंत्र बंद करून, प्लग काढून, पंख्याची पाती हलू न देता ब्लोअरने जाळीतली धूळ काढा. लॅपटॉप गादीवर ठेवून खेळू नका आणि चार्जर लावूनच खेळा. बॅटरीवर कार्डाला पुरती वीज मिळत नाही. डेस्कटॉपवर मॉनिटरची केबल मदरबोर्डऐवजी कार्डालाच लावली आहे ना, हेही पाहा. ही चूक वाटते त्यापेक्षा बरीच जास्त होते.

कार्डच खरोखर कमी पडत असेल तर आधी पाथ ट्रेसिंग आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा जड हिशेब) बंद करा, मग स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन (प्रतिबिंबे) ‘सायको’ या पातळीवरून खाली आणा आणि व्हॉल्युमेट्रिक फॉगचे (धुक्याचे) रिझोल्यूशन उतरवा. टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रे) मात्र कार्डाच्या मेमरीत मावत असतील तर उतरवून फारसे काही मिळत नाही. डीएलएसएस ही लहान चित्र मोठे करून दाखवणारी सोय ‘क्वालिटी’वर ठेवली की १०८० चे चित्र आत ७२० वर तयार होते, त्यामुळे कार्डाला मोठा आराम मिळतो, प्रोसेसरचा अडथळा त्याने हटत नाही. फ्रेम जनरेशनने (मध्ये कृत्रिम फ्रेम भरणाऱ्या सोयीने) आकडा फुगतो, पण मूळ फ्रेम ३० असतील तर माउसला प्रतिसाद जडच राहतो.

लॅपटॉपच्या बाबतीत विक्रेत्यांना एक आग्रहाची विनंती. आरटीएक्स ४०६० हे कार्डाचे एकच नाव ३५ वॅटच्या लॅपटॉपवरही असते आणि ११५ वॅटच्याही, आणि दोन्हींच्या कामगिरीत मोठी तफावत पडते. कार्डाचे वॅट आणि रॅमच्या पट्ट्यांची संख्या बिलावर छापा. ग्राहकांनीही हे दोन आकडे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

— एक संगणक दुरुस्ती तंत्रज्ञ, नाशिक