छायाचित्रातील उरलेली तीन नावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘क्वीन’ या इंग्लिश रॉक बँडवर आलेला लेख आवडीने वाचला. झांझिबारमध्ये जन्मलेले पारशी फारुख बल्सारा, म्हणजेच क्वीनचे मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, पाचगणीच्या शाळेत शिकले आणि तिथेच १९५८ च्या सुमारास मित्रांसह त्यांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला, हे खरे आहे. कोल्हापुरातून सकाळची गाडी धरली, तर जेवणवेळेला जिथे पोहोचता येते त्या गावाशी अशा गायकाचे नाते असावे, याचे अप्रूप मलाही आहे. मात्र ‘क्वीनचा जन्म पाचगणीत झाला’ हे लेखातील विधान मान्य करता येत नाही. हेक्टिक्समध्ये ते पियानो वाजवत असत, मुख्य गायक दुसराच होता. क्वीन सुरू झाला तो १९७० मध्ये लंडनला, आणि बेस गिटार वाजवणारे जॉन डीकन १९७१ मध्ये येईपर्यंत त्याची चौकडी पुरी झालेली नव्हती.

या डीकन यांचा लेखात उल्लेखही नाही, याचे मला अधिक वाईट वाटले; शाहूपुरीत माझे रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान अठ्ठावीस वर्षे होते, त्यामुळेही असेल. इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतलेल्या डीकन यांना लंडनमध्ये कचऱ्यात फेकलेला एक सर्किट बोर्ड सापडला, तो त्यांनी स्पीकरच्या जुन्या खोक्यात बसवला आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटासा अँप्लिफायर तयार केला. त्यातल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर (सिग्नल वाढवणारा जुन्या धाटणीचा भाग) जादा सिग्नल आला की आवाज एकदम न फाटता हळूहळू जाडसर, घोगरा होत जातो. गिऱ्हाईक असा सेट घेऊन आले की आम्ही ट्रान्झिस्टर बदलून मोकळे होत असू. क्वीनचे गिटारवादक ब्रायन मे यांनी मात्र तोच घोगरेपणा हाताशी धरला आणि १९७५ च्या ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ या अल्बममधील ‘गुड कंपनी’ या गाण्यात नुसत्या गिटारमधून क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोनसारखे सूर काढून जॅझचा अख्खा ताफा उभा केला.

ती गिटारही विकतची नव्हती. १९६३ मध्ये, शाळकरी वयात, मे यांनी वडिलांच्या मदतीने ती घरीच करायला घेतली: मान शेकोटीच्या जुन्या महोगनी चौकटीची, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या आणि पट्टीवरच्या खुणा आईच्या डब्यातल्या शिंपल्याच्या गुंड्यांच्या. मिरजेत सतारीचा भोपळा टिचकी मारून पारखणारे कारागीर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या बापलेकांच्या खटाटोपाचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे याच मे यांनी २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएच.डी. मिळवली, हे जाता जाता.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी कार्यक्रमातील क्वीनच्या वीस-एकवीस मिनिटांचे वर्णन लेखात सुरेख उतरले आहे, आणि त्या दिवशी हजारोंच्या गर्दीला फ्रेडी यांनी एकट्याने खेळवले, यात शंका नाही. तथापि ज्या ‘रेडिओ गा गा’वर सारे स्टेडियम हात उंचावून टाळ्या वाजवत होते, ते गाणे ड्रमवादक रॉजर टेलर यांनी लिहिलेले आहे, ‘वी विल रॉक यू’ मे यांचे, आणि १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेले ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ डीकन यांचे. चौघेही स्वतंत्रपणे गाणी लिहीत आणि चौघांचीही गाणी लोकांच्या तोंडी बसली, असे बँड मला तरी फारसे आठवत नाहीत. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी गेले, काही वर्षांनी डीकन यांनीही बँड सोडला, आणि लेखात मात्र सारा इतिहास एकाच माणसाच्या चरित्रात मावला.

लेखासोबतच्या छायाचित्रात चौघे उभे आहेत आणि खालच्या ओळीत नाव एकाचेच आहे. पुढील अंकात उरलेली तीन नावे छापावीत, एवढी विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक,
शाहूपुरी, कोल्हापूर