आई-बाबा, नखं एकदा उजेडात पाहा

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

बाबांच्या नखांवर उभ्या रेघा आल्यात आणि आईच्या नखांचे पापुद्रे सुटतात, म्हणून कॅल्शियमची बाटली आणायचं चाललंय असं कळलं. ती आणू नका. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं बनतं, कॅल्शियम त्यात नावापुरतं असतं. पोरं बगळ्यांचा थवा दिसला की नखं घासत ज्या पांढऱ्या कवड्या मागतात, त्याही कॅल्शियमच्या कमीमुळे येत नाहीत. नखाच्या मुळाला कधीतरी बारीकसा मार बसलेला असतो, त्याची ती खूण. नखाबरोबर पुढे सरकते आणि कापली जाते.

फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते आहे. आधी पाहायचं कसं ते. सकाळी छपरीत उजेड आला की दोघंही साबणानं हात-पाय धुवा, नखांतली माती काढा, कोरडे करा. आईच्या नखांवर मेंदी असेल तर ती उतरेपर्यंत थांबा, मेंदीखाली काहीच कळत नाही. मग एकेका नखावरून अंगठ्याचं पेर आडवं आणि उभं फिरवा. डोळ्याला न दिसलेली खाच बोटाला लागते. पायाची नखं विसरू नका.

आता एक गोष्ट पक्की धरा. एकच नख बिघडलं असेल तर कारण बहुतेक त्या बोटापाशीच असतं: मार, बुरशी, काटा, पाण्यातलं काम. दहाही नखं सारखीच बदलली असतील तर कारण शरीरात शोधायचं. याला एक मोठा अपवाद आहे, तो पुढे सांगते.

बाबा, तुमच्या उभ्या रेघा वयाच्या आहेत. मुळापासून टोकापर्यंत सरळ जाणाऱ्या, सगळ्या नखांवर कमी-जास्त असलेल्या, बाकी नख गुळगुळीत आणि रंग गुलाबी. त्याला औषध नाही, लागतही नाही. आडवी खाच मात्र वेगळी. नखाचं मूळ कातडीखाली असतं, तिथून रोज नवं नख तयार होतं. जोराचा ताप, डेंग्यू, न्यूमोनिया किंवा मोठं ऑपरेशन झालं की ते काम काही दिवस मंदावतं आणि तेवढ्या भागात नख पातळ पडतं. तीच ही खाच. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, उतारवयात थोडं कमी. त्यामुळे खाच मुळापासून किती पुढे आली हे मोजलं की आजार कधीचा ते अंदाजानं कळतं. दसऱ्याला डेंग्यू झाला असेल तर संक्रांतीच्या सुमारास खाच नखाच्या अर्ध्यावर पोचलेली असते. ती पुढे सरकते आहे म्हणजे मागचं मागे पडलं. आजार आठवत नसताना सगळ्या नखांवर खाचा असतील, किंवा एकामागून एक येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा.

आई, तुझे पापुद्रे. दिवसभर भांडी, धुणं, सारवण. हात भिजतात, वाळतात, पुन्हा भिजतात. दर वेळी नख फुगतं आणि आकसतं, मग टोकाशी थर सुटतात. साबणाची पावडर उरलंसुरलं तेलही ओढून घेते. पायाची नखं चांगली आणि फक्त हाताची अशी असतील तर हेच कारण समज. भांडी घासताना रबरी हातमोजे घाल, आत घामानं ओलं होऊ नये म्हणून सुती मोजा. रात्री झोपताना खोबरेल किंवा व्हॅसलीन नखावर आणि मुळाच्या कातडीवर चोळ. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात, कारण नवं नख मुळापासून टोकाला यायला तेवढे लागतात. पण हाता-पायाची सगळीच नखं ठिसूळ, सोबत केस गळणं, थंडी जास्त वाजणं, पोट साफ न होणं, असं असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घे. कोणी केस-नखांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या असतील तर रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बंद ठेव. त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

यापेक्षा मला काळजी आहे ती खोलगट नखाची. निरोगी नख मधे किंचित फुगीर असतं. रक्तातलं लोह बराच काळ कमी राहिलं की नख आधी पातळ, मग सपाट, मग पळीसारखं खोलगट होतं. हात आडवा ठेवून नखावर पाण्याचा एक थेंब सोडा. घरंगळून गेला तर ठीक. मधेच ठाण मांडून बसला तर हिमोग्लोबिन तपासा. बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे कमी. फक्त अंगठा आणि शेजारचं बोट सपाट असेल तर ते वावरातल्या कामानंही होतं, तरी एकदा तपासून घेतलेलं बरं. उपकेंद्रात बोटातलं रक्त घेऊन हे मोफत पाहतात.

हिमोग्लोबिन कमी निघालं की लोक गोळ्या खातात आणि विषय संपतो. तुमच्या वयात असं करायचं नाही. पाळी थांबलेल्या बाईचं आणि कोणत्याही पुरुषाचं लोह कमी झालं तर रक्त कुठून जातंय हे आधी शोधावं लागतं: मूळव्याध, पोटातला अल्सर, आतड्यातली गाठ. गुडघ्यांसाठी मेडिकलवरून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात बारीक बारीक रक्तस्राव होतो आणि महिनोन्‌महिने कळत नाही. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीनंही शौच काळपट होते. तो काळेपणा चालतो, म्हणून गोळी सुरू करायच्या आधी रंग लक्षात ठेवा.

गोळी उपाशीपोटी किंवा लिंबूपाण्यासोबत. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब, कारण ही तिन्ही लोह शोषू देत नाहीत. आपल्याकडे नेमकं चहासोबतच औषध घेतात, मग महिना गेला तरी रिपोर्ट जागचा हलत नाही. गोळी नीट घेतली तर महिन्यात हिमोग्लोबिन एक-दोननं वाढायला हवं. आकडा जागेवर आल्यावरही आणखी तीन महिने चालू ठेवायची, नाहीतर साठा भरत नाही. नीट घेऊनही वाढत नसेल तर रक्तस्राव चालूच आहे किंवा कारण दुसरं आहे. विदर्भात हे दुसरं कारण पुष्कळदा सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, निघतं. त्याची पहिली रक्ततपासणी, सोल्युबिलिटी टेस्ट, केली नसेल तर करा, ती पॉझिटिव्ह आली तर आजार पक्का करणारी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस. सिकलसेलच्या माणसाला लोहाच्या गोळ्या अंदाजानं देत नाहीत, आधी लोहाचा साठा पाहतात.

बाबा, ही पुढची तपासणी तुमच्या बिडीमुळे. दोन्ही हातांची तीच बोटं, समजा तर्जनी, नखाला नख लावून जुळवा आणि उजेडाकडे धरा. मुळापाशी चौकटच्या आकाराची बारीक खिडकी दिसते. शामरॉथ नावाच्या हृदयरोगतज्ज्ञांनी १९७६ मध्ये ही युक्ती लिहून ठेवली, तीही स्वतःची बोटं पाहून. खिडकी बंद झाली असेल, बोटाची टोकं गोल-फुगीर झाली असतील आणि नखाचं मूळ दाबल्यावर लिबलिबीत लागत असेल, तर छातीचा एक्स-रे काढायचाच. नुसत्या बिडीच्या दम्यानं बोटं अशी होत नाहीत, म्हणून ‘दम्याचंच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. फुफ्फुसातली गाठ, जुना जंतुसंसर्ग, हृदय, लिव्हर, काहीही असू शकतं. काहींची बोटं जन्मापासून अशीच असतात, त्यांना भीती नाही. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर नखं कशीही असोत, टीबीसाठी थुंकी तपासा. सरकारी दवाखान्यात मोफत होते.

टाचणीच्या टोकाएवढे खड्डे बऱ्याच नखांवर, नख टोकाकडून सुटलेलं, सोबत बोटांचे सांधे सकाळी आखडलेले, हे सोरायसिस या त्वचेच्या आजाराकडे बोट दाखवतं. ते बुरशीसारखंच दिसतं आणि लोक वर्षभर बुरशीची ट्यूब लावत बसतात. खरी बुरशी बहुधा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होते: नख जाड, पिवळट, खाली भुसभुशीत चुरा. जाड नखातून मलम आत जातच नाही, म्हणून ट्यूब वाया जाते. नखाचा तुकडा तपासून बुरशी पक्की झाली की पोटातली गोळी देतात, हाताला सहा आठवडे आणि पायाला बारा. आधी लिव्हरची तपासणी करतात. ही गोळी मनानं आणायची नाही. पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, हेही धरून चाला. बुरशी सारखी परत येत असेल तर शुगर पाहा. उपाशीपोटी १२६ किंवा वर, दोनदा आली तर मधुमेह.

कापूस वेचताना पऱ्हाटीच्या वाळक्या बोंडाचं टोक नखाच्या कडेला टोचतं आणि नखुरडं होतं. कोमट मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा बुडवा. पू दिसला की डॉक्टरांकडून काढून घ्या, सुईनं टोचू नका. लिंबाची टोपी बसवून ठेवायची पद्धत आहे, पण शुगर असलेल्या माणसानं त्या भरवशावर दिवस घालवू नये. फवारणीच्या दिवसांत तणनाशक मोजताना पॅराक्वाटसारखं पाणी न मिसळलेलं औषध नखांवर सांडलं तर नखं पांढरी-पिवळी पडतात, सुटून येतातही. नायट्रिलचे (एक प्रकारचं रबर) हातमोजे घाला; भांड्यांसारखा सुती मोजा इथे नको, तो औषध शोषून हाताशीच धरून ठेवतो.

आता तो अपवाद. एकाच नखात काळी उभी रेघ. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या बऱ्याच नखांत अशा फिकट रेघा असतात, त्या चालतात. पण एकाच नखात नवी आलेली, रुंद होत जाणारी, किंवा काळेपणा मुळाच्या कातडीवर उतरलेला दिसला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा. तो कर्करोग असू शकतो. दगड पडून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख येतं. रेघ मुळापासून हलत नाही. शंका असेल तर तारीख टाकून फोटो काढा आणि महिन्यानं ताडून पाहा. वाढतेय असं वाटलं तर महिनाही थांबू नका.

नख बहुतेक पांढरं आणि टोकाला तेवढी लालसर-तपकिरी पट्टी, किंवा अर्धं पांढरं अर्धं तपकिरी, असं दिसलं तर लिव्हर-किडनीच्या तपासण्या करून घ्या. वयानंही होतं, पण पायावर सूज असेल तर वयावर ढकलू नका.

नखं आंघोळीनंतर मऊ असताना काढा, पायाची सरळ रेषेत, कोपरे न कोरता. ब्लेड नको. नेलकटर दोघांचं वेगळं.

या रविवारी दहा बोटांचे फोटो पाठवा: फ्लॅश बंद, हात पांढऱ्या कापडावर, एक वरून आणि एक बाजूनं. खोलगट आणि फुगीर नख बाजूनंच कळतं. सोबत हिमोग्लोबिन आणि शुगरचे आकडे, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा एक फोटो. गुडघ्याच्या गोळ्यांचाही, बाबा.

तुमची लेक