रत्नपुराहून आत्याला

रत्नपुर, श्रीलंका

ती. आत्यास,
सा. न.

मनूसाठी गुरुजींनी पुष्कराज सांगितल्याचा तुझा निरोप पोचला. सांगलीच्या पेढीवरचे सराफही ‘सिलोनीच घ्या’ म्हणाले, हे वाचून बरं वाटलं, कारण ते खरंच आहे. पुष्कराज बघेन, नक्की बघेन. पण फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. पुष्कराज, नीलम आणि माणिक हे तीन वेगळे दगड नाहीत. तिन्ही कुरुंदच. धार लावायच्या चाकात जो कुरुंद असतो, त्याचंच हे पारदर्शक, नितळ रूप. त्यात क्रोमियमचा अंश असला की लाल होतो, त्याला आपण माणिक म्हणतो. लोह आणि टायटॅनियम एकत्र आले की निळा, तो नीलम. नुसत्या लोहाने बहुधा पिवळा, तो तुझा पुष्कराज. इथल्या लोकांच्या भाषेत, सिंहलीत, तर या सगळ्यांना एकच शब्द आहे, मॅणिक. आपल्या माणिकाचाच हा भाऊ. आपल्याकडे तो फक्त लालपुरता उरला, इथे निळा, पिवळा, हिरवा, मांजराच्या डोळ्यासारखा, कुठलाही मौल्यवान खडा मॅणिकच. आपण ज्याला लसण्या म्हणतो तो इथे वैरोडि, म्हणजे जुना वैडूर्य. पद्मराग मात्र फिरलाय. संस्कृतात तो माणकाचं नाव, इथे कमळासारख्या गुलाबी-केशरी छटेच्या दुर्मीळ कुरुंदाचं. जगभरचे जवाहिरे त्याला पदपराद्शा म्हणतात, ते याच शब्दाचं बदललेलं रूप.

आणि आत्या, मॅणिक हा शब्द दगडांपेक्षा माणसांवरच जास्त वापरतात. आमच्या घरमालकीणबाईंना मी अक्का म्हणते (हो, सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात). त्या नातीला दिवसभर ‘मगे मॅणिक, मगे मॅणिक’ करत असतात, म्हणजे ‘माझं माणिक गं’. कँडीकडच्या डोंगराळ भागात जुन्या घराण्यांतल्या बायकांच्या नावाला ‘मॅणिके’ जोडलेलं असायचं, अजूनही असतं. आपली पणजी हिराबाई होती ना, तसंच. कोलंबोहून चहाच्या मळ्यांतून बदुल्लाला जाणाऱ्या दोन गाड्यांची नावंही ‘उडरट मॅणिके’ आणि ‘पोडि मॅणिके’. उडरट म्हणजे वरचा मुलूख आणि पोडि म्हणजे छोटी. रेल्वेला घरातल्या लेकीसारखी हाक मारायची, हे मला फार आवडतं.

दुसरा शब्द ‘रुवन’. आपलं ‘रत्न’ सिंहलीत घासून घासून रुवन झालं. आपण पत्रिकेत पुत्ररत्न, कन्यारत्न छापतो, तसं इथे ‘पुत् रुवन’, ‘दू रुवन’. मुलाचं नावही रुवन असतं. अनुराधपुरचा तो प्रचंड पांढरा स्तूप, दुट्ठगामणी राजाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात बांधायला घेतलेला, त्याचं नाव रुवनवॅलिसॅय. पण सगळ्यात जास्त कानावर पडतो तो ‘तेरुवन’, म्हणजे तीन रत्नं, बुद्ध, धम्म आणि संघ. आपल्याकडे बौद्ध घरांत त्रिरत्न वंदना म्हणतात, तीच ही तीन. इथे निरोप घेताना, भाषण संपवताना, पत्राच्या शेवटी ‘तेरुवन सरणयि’ म्हणतात. तिन्ही रत्नांचा आसरा तुम्हाला लाभो. बाजारात लाखोंचा सौदा करून उठणारा माणूसही जाताना हेच म्हणतो, आणि तो म्हणताना खिशातल्या खड्यांचा विचार करत नसतो.

कतरगमला मॅणिक गंगा नावाची नदी आहे. सिंहलीत कुठल्याही नदीला गंगाच म्हणतात. तिच्यात आंघोळ करून लोक देवळात जातात. देव कोण, तर आपला कार्तिकस्वामी! आपल्याकडे परंपरेने बायका एरवी त्याचं दर्शन घेत नाहीत, इथे मात्र हिंदू, बौद्ध, बायका-पुरुष सगळे रांगेत. शेजारी त्याची वल्ली आहे, इथल्याच रानातली, वेद्दांच्या, म्हणजे इथल्या आदिवासींच्या, घरची मुलगी मानतात तिला. मी गेले होते, मनोभावे हात जोडले. तू रागावणार नाहीस हे मला माहीत आहे.

आता खाण. तुझ्या डोळ्यांपुढे बोगदे, यंत्रं असतील. तसं काही नाही. भातखाचराच्या कडेला चौकोनी खड्डा, वर झावळ्यांचं छप्पर, बाजूला पाणी उपसायचा पंप. खड्ड्याच्या भिंतींना लाकडाचे आडवे-उभे वासे लावतात आणि मधल्या फटींत नेच्याची पानं दाबून भरतात, म्हणजे चिखल आत सरकत नाही. कैक फूट खाली गेल्यावर गोट्यांचा, वाळूचा एक थर लागतो, त्याला ‘इल्लम’ म्हणतात. डोंगरातले खडक झिजून नद्यांनी लाखो वर्षांपूर्वी वाहून आणलेला हा गाळ. खडे जड, म्हणून ते यात अडकून राहिले. इल्लम वर काढून वेताच्या टोपल्यांत, पाण्यात उभं राहून गोल गोल फिरवत धुतात. हलकं वाहून जातं, जड तळाशी बसतं. मग एक अनुभवी माणूस ओल्या गोट्यांवरून हात फिरवतो, आणि सगळे गप्प होतात.

त्या माणसांना रोजंदारी बहुधा नसते, हे मला तुला आवर्जून सांगायचंय. जमिनीचा मालक, परवानेवाला, पंपवाला आणि खाली उतरणारे, यांचे वाटे ठरलेले असतात. खडा निघाला तर पैसा. महिनेच्या महिने काही निघत नाही, तोवर जेवणखाण आणि थोडीफार उचल यावर भागवायचं. पावसात काळू गंगा चढली की खड्डे भरतात आणि सगळं पुन्हा उपसायचं. खाली उतरण्याआधी समन देवाला दिवा लावतात. श्रीपाद शिखराचा तो रक्षक, त्याचं मोठं देऊळ इथेच आहे. मनूच्या बोटात जो पुष्कराज येईल, तो असाच कोणीतरी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून शोधलेला असेल. तिला हे सांग. माझ्या मते ग्रहाच्या भीतीपेक्षा हे माहीत असणं अंगठीसाठी जास्त मोलाचं आहे.

खरेदीचं थोडक्यात. बरेचसे खडे भट्टीत तापवलेले असतात. गेउडा नावाचे दुधाळ, पूर्वी कवडीमोल समजले जाणारे खडे 1970च्या दशकात थायलंडचे व्यापारी इथून नेऊ लागले. 1500 अंश सेल्सियसच्या वर तापवले की ते निळेशार होतात. पुष्कराजही तापवतात. ती फसवणूक नाही, पण सांगितलंच पाहिजे, आणि न तापवलेल्याची किंमत बरीच जास्त असते. म्हणून मी प्रयोगशाळेचा दाखला असल्याशिवाय घेणार नाही, आणि देशाबाहेर न्यायचे कागद इथल्या राष्ट्रीय रत्न व आभूषण प्राधिकरणाकडून रीतसर करून घेईन. रस्त्यात हातावर पुडी उघडून दाखवणारे खूप भेटतात, त्यांच्याकडून अजिबात नाही.

गुरुजींनी सव्वापाच रत्ती म्हटलंय, पण रत्तीचा हिशोब ज्याचा त्याचा वेगळा. इथे कॅरट चालतो, एक कॅरट म्हणजे 200 मिलिग्रॅम. तेव्हा त्यांना वजन मिलिग्रॅममध्ये विचारून कळव. तापवलेला चालेल का, हेही विचार. आणि अंगठीचं माप दोऱ्याने घेऊ नकोस, मनूला सराफाकडेच ने.

काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहिलं नाहीस. कळव.

तुझी भाची,
शुभा